थंडीतली कॉकटेल्स घरच्या घरी: पेरू, संत्री, नवा गूळ आणि थोडी रम

तिखटमीठ | ५ डिसेंबर, २१:४०

डिसेंबर लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक, "थर्टीफर्स्टला कुठे बसायचं?" आणि दुसरा, "ते पेरूचं काय केलं होतंस गं, त्याचं प्रमाण दे." पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्यासाठी हा धागा.

आधी माझं म्हणणं मांडते, मग भांडा. घरी कॉकटेल करायचं ठरलं की आपण परदेशी व्हिडिओ लावतो. त्यात सहा बाटल्या, दोन तऱ्हेचे कडू अर्क आणि क्रॅनबेरी. यादी घेऊन दुकानात गेलं की खिसा रिकामा होतो आणि त्यातली निळी-हिरवी लिकर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या मागे सापडते. त्यापेक्षा सुरुवात मंडईतून करा. थंडीत आपल्याकडे जे येतं त्याला तोड नाही: पेरू, नागपुरी संत्री, आवळा, ओलं आलं, ऊस, पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, गुऱ्हाळावरचा नवा गूळ. दारू एक घ्या, फार तर दोन. एक काळी रम आणि एक पांढरी काहीतरी, वोडका किंवा जिन. तेवढ्यात सगळा सीझन निघतो.

गणित सोपं आहे. ६० मिली दारू, २० ते २५ मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. फळाचा रस घातला तर पाक निम्म्यावर आणायचा. एवढं पाठ झालं की पाककृती शोधायची गरज उरत नाही. मात्र मोजून ओता. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो प्लास्टिकचा इवलासा कप घ्या, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. अंदाजे ओतणाऱ्याचा दुसरा ग्लास पहिल्यासारखा कधीच लागत नाही, आणि तिसऱ्यापर्यंत अंदाजच उरत नाही.

आता पेरू. आतून गुलाबी, हाताला मऊ लागणारा घ्यायचा, वासावरून कळतोच. फोडी, थोडं पाणी आणि लगेच अर्ध्या लिंबाचा रस, नाहीतर गर काळपट पडतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग नको. बिया भरडल्या गेल्या की रस दाताखाली कचकच लागतो आणि मग कितीही गाळला तरी सुधारत नाही. गाळणीतून चमच्याने दाबून काढा. एका ग्लासला हा रस ९० मिली, वोडका किंवा जिन ६०, लिंबू १५, गुळाचा पाक १०. भरपूर बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून ओतायचं. ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवा आणि ती कड लाल तिखट, काळं मीठ आणि चिमूटभर पिठीसाखरेत बुडवा. कड अर्धीच लावा, म्हणजे ज्याला तिखट नको तो दुसऱ्या बाजूने पितो.

गुळाचा पाक म्हणजे दोन वाट्या चिरलेला गूळ, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत मंद आच, मग गाळून बाटलीत. तार वगैरे आणायची नाही. कोल्हापुरी पिवळा गूळ हलक्या चवींना बरा. काळपट गुळाला किंचित खारट चव असते, तो रमबरोबर फार छान जातो. फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे टिकतो.

आणि एक विनंती. घरी दारू गाळण्याचा विषय इथे काढू नका. तो गुन्हाही आहे आणि जिवाशी खेळही. आपण विकत आणलेल्या बाटलीबद्दल बोलतोय.

मुळामुठा | ५ डिसेंबर, २२:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली)! शेकर नाही घरी. मिक्सरमध्ये बर्फासकट फिरवलं तर चालेल का?

तिखटमीठ | ५ डिसेंबर, २२:११

मिक्सरमध्ये बर्फाचा चुरा होतो आणि सगळं पाणचट. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, किंवा व्यायामवाल्यांचा प्रोटीन शेकर. फक्त आधी नीट धुवा, व्हॅनिला प्रोटीनचा वास हटत नाही.

वर्धेकर | ५ डिसेंबर, २२:३०

आम्ही आपलं नुसतं वाचतो. आमच्या जिल्ह्यात बारमाही ड्राय डे. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीची आणि आमची आहे तशीच. पेरूचं बिनदारूचं प्रमाण द्या की ताई.

तिखटमीठ | ५ डिसेंबर, २२:४१

वर्धेकर, :-) तोच रस १२० मिली, लिंबू १५, पाक १०, आल्याचा रस अर्धा चमचा आणि वरून सोडा. आलं विसरू नका. दारूचा जो झटका जिभेला लागतो, त्याची जागा आलं आणि तिखट भरून काढतात.

थंडगार | ६ डिसेंबर, ०८:१५

बर्फाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो, कारण अर्ध्या घरांतलं कॉकटेल तिथेच मरतं. ज्या फ्रीझरमध्ये सुकट, बोंबील, किसलेलं खोबरं आणि मागच्या महिन्याचे मटार आहेत, त्याच फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेमधला बर्फ. बर्फ वास ओढून घेतो. पार्टीच्या दोन दिवस आधी ट्रे घासून, फिल्टरचं पाणी घालून, झाकण किंवा प्लास्टिक लावून ठेवा आणि तयार वड्या घट्ट डब्यात भरा.

दुसरं, बर्फ कमी घातला की पेय कमी पाणचट होतं हा गैरसमज. उलट आहे. ग्लास गच्च भरला तर सगळं पटकन गार होतं आणि बर्फ हळू वितळतो. दोनच वड्या टाकल्या तर त्या लगेच विरतात आणि पेय धड गारही होत नाही.

तिसरं, ज्यात रस आहे ते हलवायचं. ज्यात नुसती दारू आणि पाक आहे ते चमच्याने ढवळायचं, साधारण अर्धा मिनिट. त्यात बर्फाचं थोडं पाणी मिसळायलाच हवं, नाहीतर घसा जळतो.

वऱ्हाडी ठेचा | ६ डिसेंबर, १०:५०

संत्र्याचं नाव काढलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही, हे चालणार नाही. सध्या बाजारात आहे तो आंबिया बहार. मृग बहार फेब्रुवारी-मार्चात येतो. आंबिया किंचित आंबट असतो, पण कॉकटेलला तेवढी आंबटी पुरत नाही. लोक म्हणतात संत्रं आहे मग लिंबू कशाला, आणि मग सरबत पिऊन उठतात. ४५ मिली संत्र्याचा रस असेल तर १५ मिली लिंबू पाहिजेच.

रस काढून ठेवायचा नाही. आपल्या संत्र्याचा रस दोन-चार तासांत कडू पडायला लागतो. ती बियांची चूक नाही, रसातच तो गुण आहे. म्हणून पाहुणे आल्यावर काढा. बिया चिरडू नका.

आणि खरा माल सालीत आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल, पांढरा भाग कमी. पाच-सहा संत्र्यांच्या साली, आतला पांढरा शक्य तितका खरवडून, एका वाटी साखरेत हाताने चुरून रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी साखर ओली झालेली दिसते, सालीचं तेल सुटलेलं असतं. त्यात अर्धी वाटी कोमट पाणी घालून ढवळून गाळा. हा पाक काळ्या रममध्ये घाला: रम ६०, संत्रं ४५, लिंबू १५, हा पाक १०. मग बोला. साली स्वच्छ धुऊन घ्या बरं का, बागेत फवारण्या असतात.

मुळामुठा | ६ डिसेंबर, ११:२०

ठेचा भाऊ, साष्टांग. साली आत्ताच साखरेत घातल्या. घरभर वास!

आजीचा बटवा | ६ डिसेंबर, १३:०२

आमच्याकडे थंडीत सर्दी झाली की आजी चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून द्यायची. लहान मुलांच्या छातीला चोळायचीसुद्धा. तेव्हा कुणी कॉकटेल म्हणत नव्हतं. गरम प्रकारात काही येऊ द्या की.

स्टेथो | ६ डिसेंबर, १४:३५

धागा विझवायला आलेलो नाही, स्वतःही घेतो. पण पेशाने डॉक्टर असल्यामुळे चार ओळी.

मुलांना ब्रँडी नको, चमचाभरही नको, चोळायलाही नको. दारूने ऊब येते ती कातडीपुरती. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. शेकोटीजवळ ठीक आहे, पण हुरडा पार्टीला रात्री उघड्यावर बसून "दोन पेग मारले की थंडी पळते" म्हणणाऱ्याने शाल जवळ ठेवावी.

३० मिली रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १०० मिली वाईनमध्येही जवळजवळ तेवढंच. कॉकटेल गोड असल्यामुळे मोजदाद राहत नाही, म्हणून यजमानाने मोजावी. झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल (जुलाबावर सर्रास देतात ते) चालू असेल तर अजिबात नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ती फार लवकर ओलांडली जाते. एकच घेतला, हे उत्तर नव्हे.

तिखटमीठ | ६ डिसेंबर, १५:१०

डॉक्टरांचं ऐका. सोबत हेही: महाराष्ट्रात बिअर-वाईनला वय २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतं, आणि परवाना नावाची गोष्ट अजून कायद्यात आहे. भाचे-पुतणे कॉलेजात असतील तर त्यांना वर्धेकरांचा ग्लास द्या.

बटवा, गरम प्रकार घ्या. जाड कप गरम पाण्याने विसळून घ्यायचा. त्यात काळी रम ४५ मिली, गुळाचा पाक १५, लिंबू १०, ठेचलेल्या आल्याची एक चकती, एक लवंग. वर १२० मिली कडकडीत पाणी, आणि दोन मिनिटं बशी झाकून ठेवायचं. रम गॅसवर ठेवायची नाही, पाणी गरम करायचं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, उकळी आणली की अर्धा आनंद चिमणीतून वर जातो. स्टीलच्या पेल्यात देऊ नका, ओठ भाजतात.

गवती चहा | ६ डिसेंबर, १९:४५

गरम वाईनचं प्रमाण कोणाकडे आहे? आणि त्यात ते फूल घालतात ना, दगडफूल, किती घालायचं?

तिखटमीठ | ६ डिसेंबर, १९:५०

दगडफूल नाही हो! चक्रीफूल! दगडफूल घातलंत तर वाईनला गोड्या मसाल्याचा वास येईल आणि पाहुणे मसालेभात कुठाय विचारतील.

ऱ्हाइनकाठ | ६ डिसेंबर, २२:३०

जर्मनीतून लिहितो, त्यामुळे हा माझा प्रांत. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळबाजार लागतात आणि सगळं गाव चौकात उभं राहून ग्ल्यूवाइन पितं. कपाची अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. आमच्याकडे त्या कपांची रांग लागली आहे, कारण दरवर्षी एखादा कप घरी येतोच.

प्रमाण: एक बाटली, ७५० मिली लाल वाईन. महागडी, लाकडी पिंपात मुरलेली घेऊ नका, मसाल्यात ती चव जाते आणि लाकडाचा कडवटपणा मागे राहतो. साधी, फळाळ, कमी तुरट बघा. तुम्हाला नाशिकची शिराज मिळेल, ती चालते. आधी पातेल्यात अर्धी वाटी पाणी, चार-पाच चमचे साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, एक चक्रीफूल, एका संत्र्याची साल. हे पाच-सात मिनिटं उकळून मसाला पाकात उतरू द्यायचा. उकळी इथेच. मग आच अगदी बारीक करून वाईन ओतायची, संत्र्याच्या चकत्या टाकायच्या. वाफ दिसली पाहिजे, बुडबुडा नाही. इथले लोक ७० अंश म्हणतात. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या कडेला बारीक मणी दिसायला लागले की गॅस बंद. पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून द्या.

लवंगा चारच. माझ्या एका मित्राने मूठभर टाकल्या होत्या, दातदुखीच्या औषधाची आठवण झाली सगळ्यांना.

ज्यांना आणखी हवं ते वरून रमचा एक घोट ओतून घेतात. मुलांसाठी तोच मसाला द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसात घालतात. आपल्याकडे काळ्या द्राक्षांचा रस मिळाला तर उत्तम, फक्त मग साखर घालू नका.

यारा नदी | ७ डिसेंबर, ०४:२०

मेलबर्नमध्ये ३४ अंश आहे आणि तुम्ही वाईन गरम करताय. पेरूचं मात्र करून बघणार.

वसईची वाट | ७ डिसेंबर, १२:१५

सगळ्यांना बाहेरचं गरम पेय माहीत आहे, आणि मुंबईच्या उंबरठ्यावरचं खिमाड कोणालाच आठवलं नाही याचं नवल वाटतं. आम्ही ईस्ट इंडियन. वसई, उत्तन, गोराई, वांद्रे इथली जुनी ख्रिस्ती माणसं, घरात मराठीच बोलतो. लग्नाच्या घरात आणि नाताळात खिमाड होतंच. छोट्या पेल्यातून गरम गरम देतात, आणि मोठ्या माणसाच्या हाती पहिला पेला जातो.

आमच्या घरातली रीत सांगते, प्रत्येक गावाची वेगळी असते. जाड बुडाच्या टोपात साखर कोरडीच ठेवायची, पाऊण वाटी. ढवळायचं नाही, टोप फिरवायचा. कडेने वितळते, सोनेरी होते, मग मधाच्या रंगावरून तांबूस होते. तिथून पुढे डोळे हटवायचे नाहीत. धुराची पहिली रेघ दिसली की लगेच दोन वाट्या गरम पाणी. हात लांब ठेवा, जोरात उसळतं. साखर दगडासारखी बसते, पण पुन्हा उकळली की विरघळते. त्यात दालचिनी, चार वेलच्या ठेचून, दोन-तीन लवंगा, जायफळाचा जरासा कीस, गवती चहाची दोन पाती गाठ मारून. दहा मिनिटं उकळी. गॅस बंद करून मग दारू. आजोबांच्या वेळी देशी असायची, आता आम्ही काळी रम घालतो. पाण्याइतकी रम कधीच नाही, दोन वाट्यांना पाऊण वाटी पुरे. झाकण ठेवून पाच मिनिटं, मग गाळायचं.

करपलेल्या साखरेचा तो किंचित कडूपणाच खिमाडचा जीव आहे. नुसत्या साखरेने किंवा गुळाने ती चव येत नाही. गुळाचा आग्रह धरणाऱ्या धागाकर्तीने हे एकदा करून बघावंच.

तिखटमीठ | ७ डिसेंबर, १२:४०

वसईताई, गुळाचा झेंडा खाली ठेवला. रविवारी करते. गवती चहा ओली पातच ना, वाळलेली नाही?

वसईची वाट | ७ डिसेंबर, १२:५८

ओलीच. वाळलेलीला गवताचा वास येतो.

माडाखाली | ७ डिसेंबर, २१:१०

गोव्यातून नमस्कार. फेणीचा उल्लेख नाही म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, दर डिसेंबरात पर्यटक येऊन हुर्राक मागतात. हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची, हलकी. ती काजूच्या हंगामात, मार्च ते मे. डिसेंबरात कोणी ताजी म्हणून विकली तर समजून घ्या. आत्ता मिळते ती फेणी, दुसऱ्यांदा गाळलेली, चाळीस टक्क्यांच्या वर. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. तरी लोक तिला कोलात बुडवतात. वास मारायचा म्हणून कोला घालता, मग फेणी घेता कशाला?

वास जास्त वाटत असेल तर ६० ऐवजी ४५ मिली घ्या. लिंबू २०, गुळाचा पाक २०, आलं ठेचून, चांगलं हलवून गाळा आणि वर सोडा. आलं आणि गूळ फेणीच्या वासाशी भांडत नाहीत, त्याला सांभाळून घेतात. दुसरं जमतं ते कोकम. आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरत असाल तर त्यात मीठ असतं हे विसरू नका, १० मिली पुरे आणि वेगळं मीठ घालायचं नाही. कोकम, फेणी, चिरलेली हिरवी मिरची, लिंबाचं पान. नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असं सगळं गोड ताटात असतं, त्याबरोबर असं खारट-आंबटच बरं.

नारळाची फेणी दक्षिण गोव्यात मिळते. ती सौम्य असते, नवख्याने तिथून सुरुवात करावी.

सावंतवाडीकर | ७ डिसेंबर, २१:३५

आमच्याकडे काजू तेवढाच पिकतो, बोंडू झाडाखाली कुजतात, आणि फेणी प्यायची तर सीमा ओलांडा. वर ती परवान्याशिवाय इकडे आणली तर गुन्हा. नाक्यावर गाड्या तपासतात, थर्टीफर्स्टच्या आधी तर जास्तच. प्रकरण गमतीवर नेऊ नका.

साखरभात | ८ डिसेंबर, १०:०५

एक प्रयोग सुचवते, रागावू नका. आटवलेलं केशर-वेलचीचं मसाला दूध गार करून त्यात रम. १२० मिली दुधाला ४५ मिली. वर जायफळ. परदेशात अंडं घालून करतात त्या नाताळच्या पेयापेक्षा आम्हाला हे आवडलं, आणि कच्च्या अंड्याची भीती नाही.

आजीचा बटवा | ८ डिसेंबर, १०:२२

कोजागिरीच्या दुधात रम?! आता लक्ष्मी "को जागर्ति" विचारत आली तर काय सांगाल?

साखरभात | ८ डिसेंबर, १०:२५

सांगू की जागेच आहोत, फक्त उभं राहता येत नाही.

आजीचा बटवा | ८ डिसेंबर, १०:३१

:D तरीही कोजागिरीला नको. डिसेंबरात काय ते करा.

मुळामुठा | ८ डिसेंबर, ११:४०

दूध फाटत नाही का?

सावकाश | ८ डिसेंबर, २३:१५

रमने फाटत नाही, आंबटाने फाटतं. म्हणून त्या दुधात लिंबू-संत्रं नको, आणि गूळही नको. साखरच घाला. गुळाने गरम दूध कधी कधी नासतं हे चहावाल्यांना माहीत आहे.

पण मुद्दाम फाडायचं असेल तर त्यातून एक अफलातून गोष्ट होते. इंग्रज अठराव्या शतकापासून करत आले आहेत. रम २५० मिली, कडक कोरा चहा १५०, लिंबाचा रस ६०, साखर सात-आठ चमचे, वाटल्यास ठेचाभाऊंच्या संत्र्याच्या साली. हे सगळं एकत्र ढवळून, साखर विरघळली की साली काढून टाकायच्या. दुसऱ्या पातेल्यात पाव लिटरला थोडं कमी असं म्हशीचं नको, गाईचं साय न काढलेलं दूध, कोमट. आता मिश्रण दुधात ओतायचं. दूध मिश्रणात नाही, क्रम महत्त्वाचा. दूध लगेच फाटतं, दिसायला भयंकर. तासभर तसंच ठेवा, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं तर आणखी बरं. मग चाळणीवर धुतलेलं मलमलचं कापड टाकून गाळायचं. दाबायचं नाही, पिळायचं नाही. पहिलं जे गढूळ येतं ते परत वरून ओतायचं, कारण चोथ्याचा थरच खरी गाळणी असतो. दुसऱ्या खेपेला थेंब थेंब पडतो तो जवळजवळ पारदर्शक, चहाच्या रंगाचा. चोथ्यात चहाचा तुरटपणा आणि दारूचा झणका अडकून राहतो, खाली येतं ते मऊ. बाटलीत भरून फ्रीजमध्ये कित्येक आठवडे टिकतं. पार्टीच्या दिवशी फक्त बर्फावर ओतायचं.

घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मी रात्री लावून झोपतो.

वऱ्हाडी ठेचा | ९ डिसेंबर, ०७:५०

त्या चोथ्याचं काय करता?

सावकाश | ९ डिसेंबर, ०८:३०

गूळ घालून आटवला की बर्फीसारखं काहीतरी होतं. मुलांना देऊ नका.

हडसनपार | ९ डिसेंबर, १८:००

न्यू जर्सीत सध्या गढूळ सफरचंदाचा ताजा रस मिळतो, इथे त्यालाच सायडर म्हणतात, दारू नसते त्यात. दालचिनी घालून गरम करायचा, कपात ४५ मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की), वर रस. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकानंतर पार्किंगमध्ये थर्मासमधून (बर्बनशिवाय, गाडी असते) सगळे पितात. खिमाड इथे नक्की करून बघणार, गवती चहा कुंडीत आहे.

तिखटमीठ | १० डिसेंबर, २२:१०

रविवारी खिमाड केलं. वसईताई, काय सांगू. साखर तांबूस झाल्यावर स्वयंपाकघरात जो वास सुटला त्याला शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या. त्यांना बिनरमचं दिलं. नंतर म्हणाल्या, "दुसरं पण थोडं बघू."

आता संक्रांतीचा एक प्रकार देते, बटवा, तुम्ही डोळे मिटून घ्या. तीळ खमंग भाजून, खलबत्त्यात जरासे मोडून (कूट नको), पाव लिटर काळ्या रममध्ये दोन-तीन मोठे चमचे. रात्रभर बरणीत. सकाळी गाळून रम फ्रीझरमध्ये. रम गोठत नाही, पण तिळाचं तेल वर साकळतं, ते कॉफीच्या कागदातून गाळलं की गेलं. राहते ती भाजल्या तिळाच्या वासाची रम. ६० मिलीला गुळाचा पाक १० मिली, दोन थेंब लिंबू, बर्फावर ढवळायचं, हलवायचं नाही. वर संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळून टाका. गुळाचं प्रमाण वाढवू नका, लाडू प्यायल्यासारखं होतं.

आजीचा बटवा | १० डिसेंबर, २२:४०

डोळे मिटले होते. पण प्रमाण लिहून घेतलं.

गवती चहा | २८ डिसेंबर, १६:०५

धागा वर काढते. एकतीसला दहा जण आहोत, सगळे घेणारे. पेरू आणि संत्रं, दोन्ही करायचं ठरलंय. सामान किती आणू? दर माणशी दोन धरतेय.

तिखटमीठ | २८ डिसेंबर, १६:४०

वीस ग्लास म्हणजे दारू १२०० मिली. एक बाटली रम आणि एक वोडका, ७५० च्या, थोडी उरेल. लिंबाचा रस ३०० मिली लागतो. आपली कागदी लिंबं लहान, एका लिंबातून १२-१५ मिली निघालं तर खूप, म्हणून २५ आणा. पेरू दीड-दोन किलो. संत्री दोन किलो, साली आदल्या रात्री साखरेत घालायच्या, सोललेली फळं डब्यात फ्रीजला, रस पाहुणे आल्यावर. बर्फ पाच किलो तरी, घरचा पुरणार नाही, कोल्ड्रिंकवाल्याकडे आजच सांगून ठेवा.

दारू, पाक आणि पेरूचा रस दुपारी एकत्र करून बाटलीत गार ठेवता येतो. लिंबू आयत्या वेळी. आणि खायला नुसते वेफर्स ठेवू नका, पोटभर काहीतरी करा, तेही आधी.

थंडगार | २८ डिसेंबर, १७:०२

विकतचा बर्फ लादीचा असेल तर तो फक्त बाटल्या गार करायला. ग्लासात घालायचा तर खाण्याचा बर्फ म्हणून पाकिटात मिळतो तोच घ्या.

गवती चहा | २८ डिसेंबर, १७:१०

घेतला लिहून. चक्रीफूलसुद्धा आणलंय, यंदा गरम वाईनही होणार. नवऱ्याला डबा उघडून दाखवला आणि सांगितलं, हे ते, ते नव्हे.

स्टेथो | २८ डिसेंबर, १९:२०

दहाही जण घेणारे म्हणताय, मग घरी सोडणार कोण? गाडी आत्ताच ठरवून ठेवा, त्या रात्री टॅक्सी मिळत नाही.

गवती चहा | २८ डिसेंबर, १९:३३

आठ जण आमच्याच सोसायटीतले, उरलेल्या दोघांच्या गाद्या हॉलमध्ये घातल्यात.